दुखणं केव्हापासून?

नागपुरात मानकापूरच्या बाजूला एक चौक आहे. पाटीवर काय लिहिलंय याच्याशी ऑटोवाल्यांना देणंघेणं नाही, त्यांच्या लेखी तो पागलखाना चौक. शेजारच्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे हे नाव पडलं. त्या संस्थेचा इतिहास १८६४ पर्यंत मागे जातो. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन दहा वर्षं झाली होती आणि मध्य प्रांत जन्माला येऊन तीन. नव्या इंग्रजी राजवटीने शहराला ज्या संस्था पहिल्यांदा दिल्या त्यांत हे वेड्यांचं इस्पितळ होतं.

त्या काळी एखाद्या घरातला कर्ता म्हातारा वाट विसरू लागला, पोराला काकाच्या नावाने हाक मारू लागला, तर त्याला आजार झाला असं कुणी म्हणत नसे. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ लागला. हात थरथरत असतील तर वैद्य कंपवात म्हणे आणि तेल चोळायला सांगे. म्हातारा घरात आवरता आला तर ओसरीवर, नाही आवरला तर त्या चौकाकडे. तिसरी वाट नव्हती. अशा माणसाच्या औषधपाण्याचा खर्च कुणी तिऱ्हाइताने उचलावा, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात आलेली नव्हती.

ती कल्पना नागपुरात आली गिरणीच्या भोंग्यासोबत. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. बेझनजी मेहतांच्या हाती कारभार होता. या गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला तो १८८३ मध्ये. म्हणजे जुम्मा तलावाकाठची ही गिरणी जगाच्या फार मागे नव्हती.

पण भरपाई कशाची, ते पाहायला हवं. अपघाताची. पट्ट्यात हात सापडला, बोटं गेली. तारीख, पाळी आणि साक्षीदार, सगळं जागेवर. पैसे मोजणाऱ्याला असा ठळक दिवस लागतो. मेंदूच्या झिजेला तो नसतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये कंपवातावर निबंध लिहिला तेव्हा त्याच्यासमोर सहा रुग्ण होते, आणि त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. आपल्याला हे केव्हा सुरू झालं ते रुग्णांना नीट सांगता येत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमरने ट्युबिंगेनच्या सभेत एका स्मृती गेलेल्या बाईच्या मेंदूचे नमुने वर्णन केले, तेव्हा सभेने फारसं लक्ष दिलं नाही. औषधाचा एक धागा मात्र आपल्याकडचा आहे. अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा करणारी खाजकुयली आपल्या रानात उगवते. आयुर्वेद तिच्या बियांना कवचबीज म्हणतो. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी त्याच बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध म्हणून जगाने तो वापरायला घेतला त्यानंतर तीसेक वर्षांनी.

स्वातंत्र्य आलं आणि विम्याची जबाबदारी गिरणीमालकाच्या मर्जीवरून कायद्यावर गेली. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून त्याची सुरुवात झाली आणि १९५४ मध्ये तो नागपुरात आला. तेव्हा नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, महाराष्ट्राचं नाव नकाशावर यायला अजून सहा वर्षं होती. पुढे सोमवारीपेठेत या योजनेचं रुग्णालय उभं राहिलं. गिरणी कामगाराच्या बोलीत 'ईएसआय'चा दवाखाना.

या योजनेत एक यादी आहे, आणि आरोग्य विम्याचा इतिहास लिहिणारे तिच्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाहीत. साधं आजारपण असेल तर कामगाराला वर्षातून ९१ दिवस पगाराचा काही हिस्सा मिळतो. पण काही दुखणी ९१ दिवसांत आटोपत नाहीत हे योजनेला कळलं होतं. म्हणून क्षय, कुष्ठरोग, कर्करोग अशा लांबणाऱ्या रोगांची यादी तयार झाली. ती वाढत वाढत ३४ रोगांवर गेली, आणि तिच्या मज्जासंस्थेच्या गटात पार्किन्सन्सचं नाव आहे. यादीतला रोग असेल तर पगाराच्या ८० टक्के रक्कम, दोन वर्षांपर्यंत. निवृत्तीनंतरही वर्षाला १२० रुपये भरून नवराबायकोला उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये. सीताबर्डीवर तेवढ्यात आज एक कप चहा येतो.

म्हणजे देशातल्या विम्याच्या कागदांवर पार्किन्सन्सचं नाव आलं ते या माणसाला जास्त द्या असं सांगण्यासाठी. हे लक्षात ठेवायचं, कारण दुसरी यादी पुढे येणार आहे.

ईएसआयची मेख दुसरीकडे होती. ठरावीक पगाराच्या आतला कारखाना कामगार हवा आणि नोकरी चालू हवी. पार्किन्सन्स आणि अल्झायमर बहुधा साठीच्या पुढचे पाहुणे, तोवर हजेरीपुस्तकातून नाव गेलेलं. शिवाय गिरण्याच गेल्या. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली.

नागपूर तसं कचेऱ्यांचं गाव. महालेखापालांचं कार्यालय, दोन रेल्वे विभाग, अंबाझरीची आयुध निर्माणी, १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय. या सगळ्यांना आपापल्या खात्याची वैद्यकीय सोय. केंद्र सरकारच्या पेन्शनराला सीजीएचएसच्या दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्यासुद्धा मिळतात, आणि कंपवाताच्या रुग्णाला खरी गरज असते ती या रोजच्या गोळ्यांची. त्यामुळे या शहरात 'विमा काढा' म्हणजे बराच काळ एलआयसी. आरोग्याचा खासगी विमा लागत होता तो इतवारीतल्या किराणा दुकानदाराला, खासगी शाळेतल्या मास्तरांना, वकिलाला, शिंप्याला. खात्याच्या पेन्शनरच्या भिंतीपलीकडे हे लोक राहत. आजार एकच, पण एका घरात गोळ्या फुकट आणि दुसऱ्या घरात दर महिन्याला औषधाच्या दुकानाचं बिल.

१९८६ मध्ये या दुसऱ्या घरासाठी मेडिक्लेम आला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा चार सरकारी कंपन्यांकडे होता, त्यांनीच तो काढला. ग्राहक संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा, आणि पुढची चाळीस वर्षं ही दोन भावंडं एकमेकांशी भांडत राहिली. मेडिक्लेम सुटसुटीत होता. इस्पितळात भरती व्हा, किमान २४ तास राहा, बिल आणा. आधीपासून असलेला आजार वगळला. थकवा, सर्वसाधारण अशक्तपणा, आजारानंतरची विश्रांती हेही वगळलं.

ही भाषा मेंदूची झीज समोर ठेवून लिहिलेली नव्हती. तरीही झीज होणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारं जवळजवळ सगळंच तिने बाहेर ठेवलं. कंपवाताच्या रुग्णाचा खर्च होतो दिवसातून चार-पाच वेळा घ्यायच्या गोळीवर, फिजिओथेरपीवर, रात्रपाळीच्या माणसावर, न्हाणीघरात बसवलेल्या दांडीवर. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा होतो तो सतत डोळ्यांत तेल घालून राखण करण्यावर. यात भरती कुठे आहे? भरती होते ती पडून खुबा मोडल्यावर, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाल्यावर. आणि तेव्हा प्रश्न येतो, हे कशामुळे झालं?

पॉलिसी होती त्यांनाही ती टिकेल याची खात्री नव्हती. म्हाताऱ्याने एकदा मोठा क्लेम घेतला की नूतनीकरणाला नाट लागे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिमान कृष्ण बोस खटल्यात सांगितलं की सरकारी विमा कंपनीला मेडिक्लेमचं नूतनीकरण मनमानीने नाकारता येणार नाही. कंपनी बदलून आधीची वर्षं सोबत नेण्याची सोय, म्हणजे पोर्टेबिलिटी, ऑक्टोबर २०११ मध्ये आली. तोवर विम्याची बाजारपेठ खासगी कंपन्यांना खुली होऊन दहाएक वर्षं झाली होती. रामदासपेठ आणि धंतोलीच्या गल्ल्या इस्पितळांनी भरल्या होत्या, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातले रुग्ण नागपुरात उतरत होते आणि काउंटरवर 'कॅशलेस आहे का?' हा पहिला प्रश्न झाला होता.

आता या इतिहासाची खरी गाठ. 'आधीपासूनचा आजार' म्हणजे नेमकं काय?

२००८ मध्ये सगळ्या कंपन्यांनी मिळून एक व्याख्या ठरवली. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ४८ महिन्यांत ज्याची चिन्हं किंवा लक्षणं होती, निदान झालं होतं किंवा उपचार घेतला होता, तो आजार आधीपासूनचा. मुतखड्याला हे ठीक आहे. पार्किन्सन्सला लावून पाहा. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाकाला वास येईनासा होतो, अगदी सावजीच्या रश्श्याचाही. बद्धकोष्ठ जडतं. माणूस झोपेत लाथा झाडतो, ओरडतो. अक्षर बारीक होत जातं आणि बँक 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत करते. यातलं कुठलंही चिन्ह घेऊन कुणी मेंदूच्या डॉक्टरकडे जात नाही. पण निदान झाल्यावर मागे वळून पाहिलं की सगळं स्पष्ट दिसतं, आणि तसं ते विमा कंपनीच्या डॉक्टरलाही दिसतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने व्याख्या बदलली. निदान किंवा डॉक्टरी सल्ला हा आधार ठेवला, पण पॉलिसी निघाल्यापासून तीन महिन्यांत लक्षणं दिसली तरी आजार जुनाच धरायचा, असंही एक कलम घातलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते कलम काढून टाकलं. वर्तमानपत्रांत याची चार ओळींची बातमीही धड झाली नसेल. पण वास न येणाऱ्या, अक्षर बारीक झालेल्या माणसासाठी सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी घटना बहुधा हीच, कारण आता मोजायची होती ती डॉक्टरने कागदावर लिहिलेली तारीख. मेंदूत झीज सुरू झाल्याची तारीख कुणालाच ठाऊक नसते.

२७ सप्टेंबर २०१९ च्या त्याच मार्गदर्शक सूचनांत दुसरी यादी आहे. पॉलिसी घेताना माणसाला जे आजार आधीच आहेत त्यांतले कोणते कायमचे वगळता येतील याची ही यादी, एकूण १६ नोंदींची. अपस्मार, पक्षाघात, मूत्रपिंडाचा जुना आजार यांच्या पंगतीत अल्झायमर आणि पार्किन्सन्स बसले आहेत, आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांकासह. पार्किन्सन्सचा जी-२०.

नियामकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्याआधी अशा माणसाला कंपन्या सरळ दारातूनच परत पाठवत. नव्या सूचनांचा हेतू असा की त्याच्या संमतीने तो एक आजार वगळा, पण डेंग्यू, हर्निया, मोतीबिंदू यांसाठी तरी त्याला आत घ्या. दार किलकिलं करण्याचाच हा प्रकार होता. अडचण अशी की मेंदू काही मोतीबिंदूसारखा बाजूला काढून ठेवता येत नाही. कंपवाताचा रुग्ण पडला आणि खुबा मोडला, तर ते हाडाचं दुखणं की जी-२०?

गंमत पुढेच आहे. ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असे बारा उपचार त्याच सूचनांनी नेमून दिले, आणि त्यांत डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे. मेंदूत बारीक तारा सोडून विजेच्या स्पंदनांनी कंप आवरणारी ही शस्त्रक्रिया लाखो रुपयांची. म्हणजे पन्नाशीत पॉलिसी घेऊन साठीत कंपवात झालेल्याला कंपनी या तारांचे पैसे देणार, भले मर्यादा घालून. आणि साठीत निदान झाल्यावर प्रस्ताव भरणाऱ्याला तीच कंपनी कायमचा नकार देऊ शकणार. दोघांचा मेंदू एकाच गतीने झिजत असला तरीही.

इथेच एजंटाचा तो कुजबुजता सल्ला येतो. काका, फॉर्मात लिहू नका, कोण बघते? बघतात. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मेडिक्लेम प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवल्यावरून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. दुसऱ्या बाजूला, ठरावीक वर्षं हप्ते भरल्यावर कंपनीने जुनी माहिती उकरू नये, असाही नियम झाला. ही मुदत आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाच झाली. आधीच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत त्याच वर्षी ४८ महिन्यांवरून ३६ वर आली, आणि ६५ ची वयोमर्यादाही गेली. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र कुठलीच मुदत वाचवत नाही. भांडायचं ठरवलंच तर नागपूरकराला राज्य ग्राहक आयोगाचं परिक्रमा खंडपीठ गावात आहे. विमा लोकपालाकडची तक्रार मात्र अनेक वर्षं आधी मुंबईला आणि मग पुण्याला पाठवावी लागली.

कायद्यात आणखी एक फट आहे, आणि तिच्याकडे वकिलांचंही पुरेसं लक्ष गेलेलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकाच विमा द्या. या कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना विचार, भावस्थिती, आकलन, दिशाभान यांच्याबरोबर स्मृती हा शब्द घातला आहे. स्मृतीचा गंभीर विकार हा मानसिक आजार, मग अल्झायमर कोण? १८६४ मध्ये विसरभोळ्या म्हाताऱ्याला वेड्यांत काढणं ही नामुष्की होती. आता त्याच शब्दाचा आधार घेऊन विमा मागता येण्याची शक्यता आहे.

इतर देशांनी हा पेच वेगवेगळ्या प्रकारे सोडवला. अमेरिकेत २०१४ पासून आधीच्या आजारावरून आरोग्य विमा नाकारता येत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेचाच वेगळा सक्तीचा विमा आणला, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाचे पैसे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पार्किन्सन्सला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्थान दिलं, आणि २७ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाने प्रत्येक कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला सांगितलं. पण बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्च देणारी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यापुरतीच राहिली.

सरकारी बाजूला २१ नोव्हेंबर २०१३ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली, त्याचा समारंभ नागपुरातच झाला. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, मिळकत न बघता, आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळू लागलं. तिथे आधीचा आजार पहिल्या दिवसापासून चालतो. मेडिक्लेमने जे अडतीस वर्षांत दिलं नाही ते इथे एका कार्डावर आलं. पण तेही इस्पितळातल्या खाटेपुरतंच. गोळी, दांडी आणि रात्रपाळीचा माणूस पुन्हा बाहेर.

देशात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज. मराठी मध्यमवर्गाने पार्किन्सन्स हा शब्द घरगुती केला तो पु. लं.च्या अखेरच्या वर्षांत, आणि स्मृतिभ्रंश पडद्यावर पाहिला तो 'अस्तु'मध्ये मोहन आगाशे यांच्या चेहऱ्यावर. पुण्यात रुग्ण आणि घरच्यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळ उभं केलं. नागपूरचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. चंद्रशेखर मेश्राम देशाच्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या अकादमीचे अध्यक्ष झाले. लाज ओसरली, निदान लवकर होऊ लागलं. आणि निदान लवकर झालं की कागदावरची तारीखही लवकरची पडते.

धंतोलीतल्या कुठल्याही इस्पितळात कॅशलेससाठी भरून द्यायचा फॉर्म आजही मिळतो. त्यातला डॉक्टरने भरायचा एक रकाना विचारतो की सध्याचं दुखणं किती काळापासून आहे. पुढे मोकळी जागा आहे, आणि त्या जागेपुढे एकक आधीच छापलेलं आहे: दिवस.